मागची मोटर

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची काही वर्षं अक्कलकोटच्या रस्त्यावर आमची स्वतःची मोटर धावत होती. आज हे सांगितलं तर घरातल्या पोरांना खरं वाटत नाही. त्यांनी आपल्या आजोबांना पाहिलं ते अंगणात बसून लोकांची ऑइल इंजिनं दुरुस्त करताना. मोटरचा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "मोटर जुनी होती. परवडली नाही." मोटर जुनी होती हे खरं. आता ते नाहीत, म्हणून बाकीचं मी सांगते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे गिरणीच्या इंजिनखात्यात फिटर होते. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. कितीही साबण लावला तरी हाताचा तेलकट वास जायचा नाही. हे हुशार होते, आणि आपण हुशार आहोत हे यांना माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्याच्या हाताखाली राहणं यांना जड जायचं. पहिली मोठी लढाई संपल्यावर सरकारनं काढून टाकलेल्या लॉऱ्या पुण्याकडे लिलावात मिळतात, असं यांनी कुठंसं ऐकलं आणि ते डोक्यातून जाईना. अक्कलकोटला आगगाडीचं स्टेशन आहे, पण ते गावापासून लांब. मठात दर्शनाला जाणारे, सोलापूरच्या बाजाराला येणारे, सगळे बैलगाडीनं नाहीतर टांग्यानं जायचे. "लोक रस्त्यावर उभेच आहेत," हे म्हणायचे, "आपण फक्त मोटर न्यायची."

सासूबाई घरात कानडीच बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "ब्याडप्पा." नको रे बाबा. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच. मी मात्र माझ्या पाटल्या आणि बोरमाळ काढून यांच्या पुढ्यात ठेवली. यांनी मागितली नव्हती. रोज संध्याकाळी घरी येणारा तो आंबलेला चेहरा मला बघवत नव्हता, म्हणून दिली.

लॉरी आली तेव्हा ती नुसता सांगाडा होती. गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती, तिथं हे आणि एक सुतार कितीतरी दिवस राबत होते. बाकं बसली, छप्पर आलं, पावसासाठी दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे आले. यांना इंजिनाची नस न् नस माहीत होती, पण रस्त्यावर मोटर हाकायचा सराव नव्हता. म्हणून एक ड्रायव्हर ठेवला. लढाईच्या वेळी समुद्रापलीकडे, बसऱ्याकडे लॉऱ्या चालवून आलेला मुसलमान माणूस. उंच, सावकाश बोलणारा, एका कानानं जरा कमी ऐकणारा. यांना मालिक म्हणायचा, मला भाभी. कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. पाणी मागायचं असलं तरी बाहेरूनच हाक मारायचा.

पहिल्या दिवशी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि सासूबाईंना न् मला पुढच्या बाकावर बसवून मोटर निघाली. मी पदर तोंडात धरून बसले होते, हसू येऊ नये म्हणून. गाव सुटलं, दोन्हीकडे ज्वारी लागली. रस्त्यावरची बैलं बुजून शेतात शिरायची आणि गाडीवान शिव्या द्यायचे. वळसंगच्या अलीकडे एका मोठ्या कडुलिंबाच्या झाडाखाली एक शेतकरी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उभा होता. ड्रायव्हरनं मोटर थांबवली. शेतकरी आधी चाकाकडे वाकून बघून आला, मग म्हणाला, "आमच्यासाटी थांबली व्हय ही?" असा तो आमचा रस्त्यावरचा पहिला उतारू. पुढं रोजचाच झाला. थंडीत हरभऱ्याचा डहाळा आणायचा, "घरात द्या" म्हणून.

त्याला एकच मुलगी होती, आईवेगळी. तिचं लग्न ठरलं तेव्हा बांगड्या भरायला तो तिला सोलापुरात घेऊन आला होता. दुपारचं ऊन फार, म्हणून हे दोघांना घरी घेऊन आले. मी भाकरी वाढली. मुलगी लाजाळू असेल असं मला वाटलं होतं. पण जेवण झाल्यावर ती सरळ गल्लीत उभ्या असलेल्या मोटरपाशी गेली आणि भोंग्याचा रबरी फुगा दोन्ही हातांनी दाबून बसली. सगळी गल्ली दारात आली. बाप ओरडला, "आगं ए, सोड की ते!" ती म्हणाली, "सासरी गेल्यावर कोन वाजवू दील मला?" मलाही हसू आवरेना.

ते वर्ष चांगलं गेलं. यांनी गिरणी सोडली. हे आता आरशात बघून पटका बांधायला लागले.

पण यांच्या मनात एक गोष्ट सलायला लागली होती. ड्रायव्हर वाटेत कुठंही थांबायचा. कुणी हात केला की थांबला. कुणाचं गाठोडं पडलं तर उतरून उचलून द्यायचा. आजारी माणूस असला तर त्याला आपल्याशेजारी बसवायचा आणि मोटर हळू न्यायचा. उतारू यांच्यापेक्षा त्यालाच जास्त ओळखायला लागले होते. स्टँडवर आले की विचारायचे, "चाचा कुटं हाय?" मालक समोर उभा असायचा आणि लोक चाचाला विचारायचे. यांना ते लागायचं, हे मला दिसत होतं. पण हे त्या लागण्याला दुसरं नाव द्यायचे. पेट्रोल फुकट जातं, फेरीला उशीर होतो, असं म्हणायचे.

एके संध्याकाळी दारातच बोलाचाली झाली. मी चहा घेऊन उंबऱ्याशी उभी होते.

"आज वाटेत किती ठिकाणी थांबलास?" यांनी विचारलं.

"जित्ते लोगां हात दिखाए, उत्ती जगा."

"आणि त्या म्हातारीला तिच्या वस्तीपर्यंत आत नेऊन सोडलीस म्हणे."

"चल नै सकती थी, मालिक. पाँव सुजा था."

"मोटर म्हणजे धर्मशाळा नव्हे. मोटर कुणाची आहे?"

तो जरा वेळ यांच्याकडे बघत राहिला. त्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटून यांनी पुन्हा मोठ्यानं विचारलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"तुमारी," तो म्हणाला.

"मग कुठं थांबायचं, कुठं नाही, ते मी सांगणार."

"हौ. तो फिर तुमीच चलाव." त्यानं खांद्यावरचं फडकं काढून मोटरच्या बाकावर ठेवलं. मला म्हणाला, "भाभी, चाय नक्को," आणि गेला.

सासूबाई आतून बोलल्या, माणूस दुखावून पाठवलास, जा, बोलावून आण. हे म्हणाले, "येईल चार दिवसांनी. जाणार कुठं?" मलाही तसंच वाटलं. तो आला नाही. शहरातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं नवीकोरी मोटर घेतली होती आणि तो ड्रायव्हर शोधत होता. थोड्याच दिवसांत ती मोटर आमच्याच रस्त्यावर, आमच्याच वेळेला धावायला लागली. पुढं चाकाशी चाचा.

हे आता स्वतः मोटर हाकायला शिकले होते. चांगली हाकायचे. पण उतारू नव्या मोटरकडे वळायला लागले. मोटर नवी, बाकांवर गाद्या, आणि माणूस ओळखीचा. तेव्हा यांनी एक युक्ती काढली. रस्त्यावरचे उतारू जी मोटर आधी येईल तिच्यात बसतात, म्हणून आपण कायम पुढं राहायचं. पुढं राहायचं तर वेग हवा. आणि वेग हवा तर सारखं थांबून चालत नाही. घोळका उभा असेल तिथंच थांबायचं, एकट्यादुकट्यासाठी थांबलं की मागचा पुढं निघून जातो. ते सगळं हे मला जेवताना समजावून सांगायचे, पाटापुढं ओल्या बोटानं रस्ता काढून.

मी एकदा विचारलं, "मग त्या एकट्यादुकट्यांनी काय करायचं?"

"मागची घेते की त्यांना," हे म्हणाले.

ते यांच्या तोंडी बसलं. रस्त्यावर कुणी हात केला की हे मोटरीतून ओरडायचे, "मागची येतीय!" आणि मागची खरंच येत होती. चाचा त्या लोकांना घ्यायचा. त्यामुळे यात काही वाईट आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. पुढं असायचो आम्ही, पण भरायची त्याची मोटर, एवढंच काय ते नुकसान. तरी यांना पुढं असण्याचीच चटक लागली होती. आज किती मागं टाकलं त्याला, हीच रोजची बातमी.

ज्वारीची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. हे स्टँडवरचं काम उरकून दिवेलागणीला घरी आले ते खुशीत. हातपाय धुऊन पाटावर बसले. मी गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली.

"आज तर दिसलाच नाही तो," हे म्हणाले. "अक्कलकोटातून माझ्या पाठोपाठ निघाला होता. वळसंग सोडलं तरी मागं धूळसुद्धा नाही."

मी हसले. "उडवलीत म्हणा की मोटर."

"त्या लिंबाखाली आपला भाजीवाला उभा होता. दोन्ही हात वर करून. त्याला ओरडून सांगितलं, मागची येतीय."

"एकटाच होता?"

"कडेला बैलगाडी होती वाटतं. धुळीत काय दिसतंय?" असं म्हणून यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्टँडवर गेले आणि लगेच परत आले. मोटर तिथंच सोडून, चालत. येऊन जोत्यावर बसले. मला वाटलं, कुणाशी भांडण झालं. पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो तसाच हातात धरून ठेवला. मग तुकड्यातुकड्यांनी बोलले. चाचानं स्टँडवर यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

भाजीवाल्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आतच पोटात दुखायला लागलं, रक्त जायला लागलं. गावातल्या सुईणीनं हात टेकले, सोलापूरला दवाखान्यात न्या म्हणाली. बापानं तिला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, कारण बैलांपेक्षा मोटर लवकर जाईल. आमची मोटर आली आणि गेली. तो मागच्या मोटरची वाट बघत थांबला. मागच्या मोटरचं टायर अक्कलकोट सोडल्यावर लगेच फुटलं होतं. ते बसवेपर्यंत बराच वेळ गेला. शेवटी वाट बघून बघून बापानं बैलगाडीच सोलापूरकडे हाकली. सूर्य मावळताना चाचानं त्यांना रस्त्यात गाठलं, सगळ्या उतारूंना खाली उतरवलं आणि मुलीला बाकावर झोपवून मोटर जेवढी पळेल तेवढी पळवली. गिरण्यांची धुराडी दिसायला लागली तेव्हा ती गेली. बापाच्या मांडीवर. पोटातलं पोटातच राहिलं. चाचा तिला तरीही दवाखान्यात घेऊन गेला. तिथून मग त्या दोघांना त्याच मोटरीतून गावी सोडून आला.

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. उठल्या आणि चुलीतलं जळतं लाकूड ओढून पाणी मारलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

दिवस वगैरे झाल्यावर एका दुपारी भाजीवाला आमच्या दारात उभा राहिला. मी दार उघडलं आणि माझा जीवच गेला. वाटलं, आता हा तोंडाला येईल ते बोलणार, आणि बोलावंच त्यानं. पण तो म्हणाला, "अक्का, मालक हायत का?" मी यांना बोलावलं. हे बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. भाजीवाला खाली बसला. यांना बसायचं सुचलं नाही.

"मालक, एकच इचारायला आलो," तो म्हणाला. "मी हात केला त्यो तुमाला दिसला व्हता का न्हाय?"

मी यांच्याकडे बघत होते. त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. हे म्हणाले, "धूळ फार..." आणि थांबले. मग म्हणाले, "दिसला होता. मागची येईल असं वाटलं."

भाजीवाल्यानं मान हलवली.

"व्हय," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटलं. मागची येती म्हनून मी गप ऱ्हायलो. न्हायतर रस्त्यात आडवा पडलो असतो की मी. तुमी काय माझ्या अंगावरनं मोटर नेली नसती."

"नाही," हे म्हणाले.

"न्हाय. तेच म्हनतो मी. आडवा पडाय पायजे व्हतं."

तो डोळ्यांतून पाणी न काढता बोलत होता आणि हे उभ्या उभ्या लहान मुलासारखे रडायला लागले. तेव्हा तोच उठला आणि यांच्या दंडाला धरून यांना खाली बसवलं. मी आत गेले. मला तिथं उभं राहवेना. पाणी घेऊन परत आले तेव्हा तो निघून गेला होता.

त्यानंतर हे चाचाच्या घरी गेले. माझं चुकलं, परत ये, निम्म्यात भागीदारी करू, असं म्हणाले. चाचानं यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "मालिक, मैं अब सेठ कू जबान दिया." दोघांत पुढं कधी वाकडं आलं नाही. ईदला त्याच्या घरून आमच्याकडे शिरखुर्मा यायचा, सासूबाईंनी कधी तो खाल्ला नाही पण परतही पाठवला नाही. मात्र तो आमच्या मोटरवर पुन्हा कधी बसला नाही.

हे आता प्रत्येक हाताला थांबायचे. रिकामा रस्ता दिसला तरी लिंबाच्या झाडाजवळ मोटर हळू करायचे. उतारू वैतागायचे, असा वेळ काढत का नेता म्हणायचे. काही जण म्हणायचे, मालकाचा धीर सुटला वाटतं. भाजीवाला पुन्हा रस्त्यावर दिसायला लागला, पण पाटी घेऊन तो चालत जायचा. आमच्या मोटरीत नाही आणि मागच्याही नाही. हे थांबले की तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "जावा तुमी." यांना त्यापेक्षा शिवी चालली असती.

कापडवाल्यानं दुसरी मोटर आणली. आमच्या इंजिनाचं एकेक दुखणं निघायला लागलं आणि यांनी ज्या हातांनी ते उभं केलं होतं त्या हातांना आता उत्साह राहिला नव्हता. एका पावसाळ्यात मोटर गल्लीच्या टोकाला उभी राहिली ती राहिलीच. नंतर मोडीत गेली. हे पुन्हा गिरणीत गेले नाहीत. विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांवर ऑइल इंजिनं यायला लागली होती, ती दुरुस्त करून आमचा संसार चालला. वाईट चालला असं म्हणणार नाही. माझ्या पाटल्यांची आठवण मला कधी झाली नाही. आठवण व्हायची ती गल्लीत भोंगा दाबत बसलेल्या त्या मुलीची, आणि त्या संध्याकाळी मी यांना "उडवलीत म्हणा की मोटर" असं म्हणाले होते त्याची.

धंदा बुडाला की लोक कारणं शोधतात. जुनी मोटर घेतली हे चुकलं, दुसरी लवकर घ्यायला हवी होती, असं आमचे सोयरे सांगायचे. ते खरंही असेल. मी बाईमाणूस, मला त्यातलं काय कळणार, असं ते धरून चालायचे. पण मी घरात बसून जे बघितलं ते असं, की एक चांगला माणूस आमच्या पदरी होता आणि लोकांना तो आवडतो एवढ्याच कारणानं तो यांना नकोसा झाला. तिथंच सगळं फिरलं. त्या दिवशी मी चहा हातात धरून गप्प उभी राहिले. बोलले असते तर यांनी ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

खूप वर्षांनी मोहोळचा एक तरुण माणूस यांच्याकडे आला. त्याला टेंभुर्णीपर्यंत मोटर सुरू करायची होती आणि कुणीतरी यांचं नाव सांगितलं होतं. मला वाटलं, हे उठून बाहेर जातील. गेले नाहीत. दुपारभर त्याच्याशी बोलत बसले. इंजिन कसं ऐकावं, स्प्रिंगा कुठं तुटतात, उन्हाळ्यात पाणी किती ठेवावं, सगळं सांगितलं. तो निघताना हे म्हणाले, "आणि ड्रायव्हर चांगला मिळाला तर त्याला सांभाळ. त्यानं कुठं थांबायचं ते त्याला ठरवू दे."

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि पुन्हा टायरांबद्दल विचारायला लागला. यांनी टायरांबद्दलही सांगितलं.

तो गेल्यावर हे म्हणाले, "त्यानं ऐकलं नाही."

पुढं कळलं की त्याचा धंदा चांगला चालला, आणखी एक मोटर घेतली. ही बातमी मीच यांना सांगितली. हे "बरं झालं" म्हणाले आणि हातातला पाना तेलात बुडवून पुन्हा कामाला लागले.